पॉइनसेटिया लाल का होत नाही? आधी गॅलरीतली रात्र तपासा

ताई, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गेल्या डिसेंबरात तुम्ही नाताळच्या गोठ्याशेजारी ठेवायला पॉइनसेटियाची एक कुंडी आणली. जानेवारीत तिची पानं गळाली, तरी तुम्ही ती टाकली नाही. उन्हाळ्यात झाड पुन्हा फुटलं, पावसाळ्यात कमरेएवढं झालं. आता नोव्हेंबरचा दुसरा आठवडा चालू आहे, झाड हिरवंगार आहे, पण लाल पान एकही नाही. तुम्ही शेणखत घातलंत, मग कुणी सांगितलं म्हणून डीएपी, मग पोटॅश. कुंडी वसईला पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत आहे. घरात मांजर आहे आणि झाड विषारी आहे असं ऐकून सासूबाई काळजीत आहेत. शिवाय ख्रिसमस ट्री म्हणून आणलेलं सुरूसारखं दिसणारं झाड आणि एक ख्रिसमस कॅक्टस, यांचंही तुम्ही विचारलंत.

मी पंचवीसेक वर्षं पुण्याजवळ रोपवाटिका चालवतो आणि दर वर्षी नाताळसाठी पॉइनसेटिया तयार करतो. तुमचं वर्णन वाचून मला तरी झाड आजारी वाटत नाही. मेलेलं समजून लोक जे फेकून देतात, ते तुम्ही कमरेएवढं वाढवलंत. त्याला खत कमी पडलेलं नाही, पाणी कमी पडलेलं नाही. कमी पडली आहे ती रात्र. तुम्ही विचारलंत, 'कोणतं खत घालू?' खरा प्रश्न असा आहे की रस्त्याकडेच्या गॅलरीत या झाडाला सलग अंधार कुठून मिळणार.

आपण ज्याला लाल फूल म्हणतो ते फूल नाही. ती पानंच आहेत, फुलाभोवतीची. शास्त्रात त्यांना छदं म्हणतात. बोगनवेलीचं रंगीत कागदासारखं जे असतं, तेही छदच. पॉइनसेटियाची खरी फुलं म्हणजे मधोमध बसलेले पिवळट-हिरवे मण्यांसारखे बारके गेंद. झाडाने फुलायचं ठरवलं की त्याच्या वरची पानं लाल होतात. नाही ठरवलं तर पान जन्मभर हिरवं. म्हणून 'लाल होत नाही' याचा अर्थ 'झाडाला फुलायची वेळ झाली असं कळलेलंच नाही' असा घ्यायचा.

ही वेळ झाड ओळखतं रात्रीच्या लांबीवरून. दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा संबंध १९२० साली गार्नर आणि ॲलर्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका जातीवर दाखवला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आपल्याकडे माळरानावर माजतं त्या शंकेश्वरावर प्रयोग केले. लांब रात्रीच्या मधोमध एखादं मिनिट उजेड दाखवला तरी झाड फुलेना. म्हणजे झाड मोजतं तो अंधार, आणि तोही सलग. मधे तुटला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे काम करतं. आपल्या शेवंतीचंही असंच आहे. पॉलिहाऊसमध्ये शेवंती करणारे शेतकरी रोपं उंच होईपर्यंत रात्री दिवे लावतात आणि फूल हवं झालं की दिवे बंद करून काळं कापड ओढतात. पॉइनसेटियाची मातृझाडं, म्हणजे नवी रोपं करायला राखलेली झाडं, फुलू द्यायची नसली की आम्हीही रात्री दहा ते दोन दिवा लावतो. तुमच्या गॅलरीत हेच काम रस्त्यावरचा दिवा फुकटात करतो आहे.

मला हे पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं ते धंद्याच्या दुसऱ्या वर्षी. नोव्हेंबरअखेर शेडमधली जवळजवळ सगळी रोपं रंगली, पण एका कोपऱ्यात पंचवीस-तीस कुंड्या हिरव्याच. माती तीच, खत तेच, पाणी घालणारा माणूसही तोच. मी मुळं उकरून पाहिली, औषधाची फवारणी केली. एका रात्री उशिरा काही कामाने तिथे गेलो तेव्हा उलगडा झाला. रखवालदाराच्या खोलीबाहेर साधा पिवळा बल्ब होता, आणि त्याचा उजेड जमिनीवर जिथवर पडत होता, तिथवरच कुंड्या हिरव्या होत्या. कंपासने आखल्यासारखी कमान होती. बल्ब दुसऱ्या बाजूला वळवला, त्या कुंड्या जानेवारीअखेर लाल झाल्या, पण नाताळ निघून गेला होता. तेव्हापासून सप्टेंबर संपला की मी रात्री एकदा सगळी दिवेबत्ती बंद करायला लावून शेडमध्ये फिरतो.

बऱ्याच जणांना वाटतं की नाताळचं झाड म्हणजे बर्फाच्या देशातलं, म्हणून ते आपल्याकडे नीट येत नाही. स्प्रूस, हॉली, मिसलटो यांच्याबाबतीत ते खरं आहे, ती युरोपची झाडं. पॉइनसेटियाचं तसं नाही. तो मेक्सिकोच्या पॅसिफिककडच्या डोंगरउतारांवरचा, पानगळीच्या जंगलातला. तिथले अ‍ॅझ्टेक लोक त्याला कुएत्लाशोचित्ल म्हणत, छदांपासून रंग काढत आणि चीक तापावर वापरत. पुढे तास्को गावाच्या परिसरात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तो नाताळच्या मिरवणुकीत आणला असं सांगतात. मेक्सिकोत आजही त्याचं नाव नोचेबुएना, म्हणजे नाताळची पूर्वसंध्या. तिथली कथाही सुंदर आहे. बाळ येशूला अर्पण करायला काहीच नसलेली एक गरीब मुलगी रस्त्याकडेचं रान गोळा करून गोठ्यापाशी ठेवते, आणि त्या पानांना लाल रंग चढतो. अमेरिकेचे मेक्सिकोतले पहिले राजदूत जोएल पॉइनसेट यांनी १८२८ च्या सुमारास ही झाडं आपल्या दक्षिण कॅरोलिनातल्या घरी पाठवली आणि इंग्रजी नाव त्यांच्यावरून पडलं. आपल्याकडे त्याला लालपत्ती म्हणणारेही आहेत, आणि मला ते नाव जास्त आवडतं, कारण त्यात तो पान आहे हे सरळच सांगितलेलं आहे.

आता गंमत बघा. तास्को आणि पुणे दोन्ही साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहेत. तुमची वसई त्याच्या जेमतेम एक अंश वर. म्हणजे या झाडाला मायदेशात डिसेंबरात जेवढी लांब रात्र मिळते, साधारण तेरा तासांची, तेवढीच आपल्याकडेही मिळते. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणाशी जमिनीत लावलेले पॉइनसेटिया पुरुषभर उंच होतात आणि कुणी काही न करता डिसेंबर ते फेब्रुवारी लालभडक असतात. त्यांना कोणी खोक्याखाली झाकत नाही. बंगल्यामागे अंधार असतो, एवढंच.

तेव्हा आज रात्री एक करा. घरातले दिवे मालवून साडेदहाच्या सुमारास गॅलरीत कुंडीपाशी उभ्या राहा आणि वर्तमानपत्र हातात घ्या. मथळे वाचता आले तर उजेड जास्त आहे. आतल्या खोलीचा दिवा रात्री अकरापर्यंत चालू असेल आणि काचेतून उजेड झाडावर येत असेल, तर तोही धरायचा. टीव्हीच्या झगमगाटाने फारसं बिघडत नाही, पण रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीने नक्की बिघडतं.

इथे एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि पुण्यात बसून मी तिची खात्री देऊ शकत नाही. अंधाराइतकंच रात्रीचं तापमानही महत्त्वाचं असतं. रात्र २१-२२ अंशांच्या वर राहू लागली की कळी धरायला उशीर होतो, २४ च्या वर तर बराच. तास्को समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, पुणे साडेपाचशेवर. त्यामुळे ऑक्टोबरच्या रात्री आमच्याकडे झाडाला मानवतात. वसईला समुद्राची दमट हवा, ऑक्टोबरात रात्रीसुद्धा घाम येतो. तुमच्याकडे अंधार अगदी चोख दिला तरी झाड पुण्याच्या झाडापेक्षा दोन-तीन आठवडे मागे राहू शकतं. वाड्यांमध्ये, झाडीत, विहिरीच्या बाजूला गारवा असतो तिथे फरक कमी पडेल. सिमेंटच्या इमारतीत जास्त.

म्हणून यंदाचं स्पष्ट सांगतो, राग मानू नका. अंधार सुरू केल्यापासून पूर्ण रंग यायला जातीप्रमाणे आठ ते दहा आठवडे लागतात. २४ डिसेंबरला आता सहा-साडेसहा आठवडे उरलेत. मध्यरात्रीच्या मिसाला जाताना हे झाड गोठ्याशेजारी लाल दिसेल असा शब्द मी देणार नाही. पण आजपासून रात्र दिलीत तर जानेवारीच्या उत्तरार्धात ते रंगेल आणि मार्चपर्यंत तसंच राहील. यंदा गोठ्यासाठी हवी तर एक लहान कुंडी नवी आणा, आणि गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी रुजत घालणार असाल तर ती नाताळच्या दहा-बारा दिवस आधी घाला, म्हणजे कोवळी आणि सरळ राहते.

अंधार द्यायची माझी पद्धत अशी. पुस्तकं म्हणतात संध्याकाळी पाचला झाका, सकाळी आठला काढा. थंड देशांत ते ठीक. आपल्याकडे पाचला ऊन असतं, झाकलेलं खोकं तापतं आणि आतली गरमी रात्रभर राहते. अंधार मिळतो पण कळी उष्णतेने अडते. म्हणून किनारपट्टीवर साडेसहा-सातला, हवा जरा उतरली की झाका आणि सकाळी साडेआठला काढा. साडेतेरा ते चौदा तास होतात, तेवढे पुरतात. प्लास्टिकची काळी पिशवी वापरू नका, आत वाफ धरते. फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं मोठं पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला आणि जोडांवर चिकटपट्टी लावा. कमरेएवढं झाड खोक्यात मावणार नसेल तर बांबूच्या काठ्यांवर दुहेरी काळं कापड टाका, खाली हवेला फट ठेवा, फक्त ती फट दिव्याच्या बाजूला नको. एखाद्या रात्री विसरलात तर खचून जाऊ नका, दुसऱ्या दिवशी चालू ठेवा. मात्र दर दोन दिवसांनी खंड पडला तर सगळी मेहनत वाया.

दिवसा उलट करायचं. सकाळचं चार-पाच तास ऊन हवंच. रंग पानाने दिवसा कमावलेल्या साखरेवर चढतो. सावलीतलं झाड अंधार मिळूनही फिकट गुलाबी होतं. डीएपी आणि शेणखत आता थांबवा. नत्र जास्त झालं की झाड पानं वाढवत बसतं. माती वरून बोटभर सुकली की पाणी, तेही कुंडीखालून निथळेपर्यंत, आणि ताटलीतलं साचलेलं ओतून द्यायचं. आता शेंड्याला कात्री अजिबात लावू नका, कळी तिथेच येणार आहे.

पुढच्या वर्षीचं गणित मागून मोजायचं. नाताळला रंग हवा तर १ ऑक्टोबरपासून अंधार हवा, तुमच्याकडे तर शक्य असल्यास सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून. रंग उतरला की मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक फांदी जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. मेअखेर कुंडी बदला. मी दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घेतो. नवी फूट चार-पाच पानांची झाली की शेंडा खुडा, महिन्याभराने पुन्हा एकदा. शेवटची खुडणी ऑगस्टच्या अखेरीपर्यंत उरकली पाहिजे. जूनमध्ये छाटलेल्या कोवळ्या फांद्यांचे वीतभर तुकडे घेतलेत तर रोपंही होतात. कापलेलं टोक पाण्यात धरून चीक थांबवा, मग वाळू-कोकोपीटमध्ये लावा. जुलैचा धो-धो पाऊस मात्र कुंडीवर थेट पडू देऊ नका. या झाडाचे जास्तीत जास्त बळी मूळकूज घेते, रोग-कीड त्यानंतर. पानामागे पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी फवारायचं.

तुम्ही लिहिलंत की आणलं तेव्हा ते वीतभर आणि गच्च होतं, आता उंच आणि विरळ झालंय, म्हणजे जात बिघडली का? नाही ताई. आम्ही रोपवाटिकेत वाढ रोखणारं औषध देतो म्हणून ती रोपं बुटकी आणि भरगच्च दिसतात. त्याचा असर काही महिन्यांत संपतो. तुमच्यापाशी आता आहे ते त्याचं खरं रूप. मेक्सिकोत ते तीन-चार मीटर उंच झुडूप असतं. छाटणी आणि खुडणीने गोलाई परत येईल, पण दुकानातल्यासारखं बुटकं होईल ही अपेक्षा ठेवू नका.

आणि जानेवारीतली पानगळ? ती तुमची चूक नव्हती. रोप पॉलिहाऊसच्या उजेडातून, प्लास्टिकच्या बाहीत गुंडाळून, टेम्पोतून दुकानात आणि तिथून एसी असलेल्या खोलीत येतं. या धक्क्याने खालची पानं पिवळी होतातच. त्यात कुंडीभोवतीचा चमकीचा कागद. तो दिसतो छान, पण पाणी अडवतो आणि मुळं कुजवतो. घरी आणल्या दिवशी त्याला खालून भोकं पाडा किंवा काढूनच टाका. नवी कुंडी घेताना मधले पिवळे मणी मिटलेले आहेत ना ते बघा. त्यांतून पराग झडत असेल किंवा मणीच गळून गेले असतील तर ते रोप दुकानात बरेच दिवस उभं आहे.

आता मांजरीचं. सासूबाईंना सांगा की काळजी बरोबर आहे, पण भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. १९१९ मध्ये हवाईत एक लहान मूल याचं पान खाऊन दगावलं अशी बातमी पसरली. ती कधीच सिद्ध झाली नाही, पण भीती शंभर वर्षं टिकली. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या २२,७९३ नोंदी तपासणारा एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकही मृत्यू नव्हता आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना काहीही त्रास झालेला नव्हता. तरी चीक कातडीला खाज आणतो आणि डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. छाटताना हातमोजे घाला, लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी तर नक्कीच. मांजरीने पान चावलं तर लाळ गळेल, एखादी उलटी होईल. नाताळच्या पुष्पगुच्छातल्या लिलीला मात्र खरंच घाबरा. लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजरीचं मूत्रपिंड निकामी करू शकतं. मांजर असलेल्या घरी मी लिली देतच नाही.

तुमच्या ख्रिसमस कॅक्टसचा प्रश्न जवळजवळ हाच आहे. तो वाळवंटातला नाही, ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या दमट डोंगरांत झाडांच्या फांद्यांवर वाढतो. त्यालाही लांब अंधाऱ्या रात्री हव्यात, सहा आठवडे तरी, आणि गारवा पॉइनसेटियापेक्षा जास्त. ब्राझील विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे तो मे महिन्यात फुलतो आणि त्याचं नावही 'मे महिन्याचं फूल' असंच आहे. त्याला काळ्या कापडाखाली पॉइनसेटियाशेजारीच ठेवा, पाणी थोडं कमी करा, कळी दिसली की कुंडी हलवू नका. दिशा बदलली की कळ्या झडतात. वसईच्या हवेत तो पुण्याइतका फुलेल असं मला वाटत नाही.

सुरूसारखं दिसणारं ते झाड बहुधा अरौकारिया. पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं, म्हणून इंग्रजीत त्याला नॉरफोक पाइन म्हणतात, पण ते पाइन नाही. त्याला अंधाराशी देणंघेणं नाही; त्याला भरपूर उजेड आणि निथळणारी माती द्या, कुंडीत ते कित्येक वर्षं राहील. फक्त दोन गोष्टी. उंची नको म्हणून शेंडा कापू नका, तो पुन्हा तसा सरळ येत नाही आणि थरांचा घाट कायमचा जातो. आणि ते इमारतीच्या भिंतीलगत जमिनीत लावू नका, मायदेशी ते पन्नास मीटरच्याही वर जातं.

पॉइनसेटिया झाकायला आज-उद्याच सुरुवात करा आणि तीन-चार आठवड्यांनी, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, अगदी शेंड्याची कोवळी पानं जवळून बघा. ती आधीच्या पानांपेक्षा लहान आणि अरुंद दिसू लागली, शिरांकडून तांबूस छटा चढू लागली, तर झाडाला रात्र कळली असं समजा. दिसलं नाही तर रात्रीच्या वेळी गॅलरीचा एक फोटो काढून इथे टाका, दिवा कुठून येतोय ते बघून सांगतो.